भुवईमागची पोकळी

कपाळाबद्दल आपल्या दोन्ही भाषांत पुष्कळ बोललं गेलं आहे. मराठीत कपाळाला हात लावतात, कपाळ फुटतं, कपाळी लिहिलेलं टळत नाही. उर्दूत पेशानीवर बल पडतात, पेशानी चमकते, आणि नशिबाचा लेख तिथेच असतो. नशीब वाचायची जागा म्हणून दोन्ही भाषांनी कपाळच निवडलं, पण कपाळाच्या हाडाआड काय आहे याची चौकशी बोलीभाषेला कधी करावी लागली नाही. परभणीत ती चौकशी २०२१ च्या मे महिन्यात घरोघर सुरू झाली.

कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि 'म्युकर' हा शब्द आला. कोरोनातून उठलेला माणूस, बहुतेक वेळा साखरेचा रुग्ण, त्यात उपचारात स्टेरॉइड झालेलं. आठ-पंधरा दिवसांनी गाल बधिर होई, डोळा सुजे, नाकातून काळपट खपली पडे. २० मे २०२१ ला केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. पुढच्या दोन महिन्यांत देशातली नोंद चाळीस हजारांच्या वर गेली, आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठ्यांपैकी होता. परभणीत तेव्हा वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. लोक नांदेडला गेले, औरंगाबादच्या घाटीत गेले, काही थेट हैदराबादला गेले. अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी तर किती जिल्हे पालथे घातले गेले ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

त्या दिवसांत 'सायनसचं ऑपरेशन' हा शब्द इतक्या सहज ऐकू येई, की दाढ काढण्यासारखं काही असावं असं वाटे. तसं ते नाही. त्यातही कपाळाच्या सायनसचं, ज्याला डॉक्टर फ्रंटल सायनस म्हणतात, त्याचं ऑपरेशन हा नाक-कान-घशाच्या शास्त्रातला सर्वांत अवघड भाग समजला जातो. या एका पोकळीशी सर्जन लोक गेली एकशे चाळीस वर्षं झगडत आहेत. या काळात पुष्कळ माणसं मेली, आंधळी झाली, चेहरे बिघडले, आणि आज ज्याला सुरक्षित म्हणतात ते तंत्र त्यातूनच एक-एक करून गोळा झालं आहे. मी भाषेचा शिक्षक, डॉक्टर नव्हे. पण हा इतिहास वाचण्यासारखा आहे.

आधी जागा समजून घेऊ.

भुवयांच्या मधोमध बोट ठेवा. त्या हाडाच्या आत डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा हवेने भरलेल्या दोन खोल्या असतात. जन्मलेल्या बाळाला त्या नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षानंतर नाकातून वर हवेची पोकळी हाडात शिरू लागते, सातव्या-आठव्या वर्षी ती एक्स-रेत नीट दिसू लागते, आणि विशीच्या आसपास वाढ थांबते. दोन्ही खोल्या सारख्या कधीच नसतात. मधला पडदा एका बाजूला सरकलेला असतो. कोणाला एकच खोली असते, कोणाला एकही नसते. दोन माणसांच्या या पोकळ्या इतक्या वेगळ्या असतात, की ओळख न पटलेलं प्रेत कोणाचं हे सांगायला जुना एक्स-रे उपयोगी पडतो. अमेरिकेत १९२७ मध्ये असा पुरावा पहिल्यांदा वापरला गेला. पोलिसांसाठी ही सोय आहे. सर्जनसाठी हाच धोका आहे, कारण कालच्या रुग्णाचा नकाशा आजच्या रुग्णाला लागू पडत नाही.

खोलीची पुढची भिंत जाड, काही मिलिमीटर भक्कम हाड. मागची भिंत मात्र कित्येकदा एक मिलिमीटरही भरत नाही, आणि तिच्या पलीकडे मेंदूचं आवरण आणि मेंदूचा पुढचा भाग. त्या भिंतीतून बारीक शिरा आरपार जातात. या शिरांना झडपा नसतात, म्हणून सायनसमधला पू कधी कधी भिंत न फोडताही आत पोचतो. खोलीची जमीन म्हणजे डोळ्याच्या खोबणीचं छत. आणि खोलीला दार एकच, तेही तळाशी. वरून निमुळतं होत मध्ये अरुंद, खाली पुन्हा रुंद, वाळूच्या घड्याळासारखं. कपाळातला सगळा चिकट स्राव या एका वाटेने नाकात उतरतो.

भीती आहे ती या दाराच्या आजूबाजूची. बाहेरच्या बाजूला डोळा आणि नाक यांच्यामधलं हाड आहे. त्याचं लॅटिन नाव लॅमिना पॅपिरेसिया, म्हणजे कागदासारखा पापुद्रा, आणि ते नाव अक्षरशः खरं आहे. आतल्या बाजूला, वासाच्या नसा ज्यातून जातात त्या चाळणीसारख्या हाडाच्या कडेला एक उभा पापुद्रा आहे. कवटीच्या तळातलं हे सर्वांत नाजूक हाड, काही ठिकाणी मिलिमीटरचा दहावा भाग. ही चाळण कोणाची उथळ असते, कोणाची खोल. केरोस नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये तिचे तीन प्रकार पाडले: १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७ आणि ८ ते १६. चाळण जितकी खोल, तितका तो उभा पापुद्रा उंच आणि हत्यार मेंदूत जाण्याची भीती जास्त. मागच्या बाजूला डोळ्यातून नाकाकडे येणारी एक धमनी आडवी जाते. ती नाकात कापली गेली आणि तिचं टोक आखडून डोळ्याच्या खोबणीत शिरलं, तर तिथे रक्त साचतं, डोळ्याच्या नसेवर दाब येतो, आणि तास-दीड तासात दृष्टी जाऊ शकते. एवढ्या सगळ्याच्या मध्ये जी मोकळी वाट आहे ती काही मिलिमीटरची.

आता इतिहास. त्याचा एक धागा आपल्याकडूनच निघतो, थोडा आडवाटेने.

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र आणि चित्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला होता. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. त्या वृत्तांतात हा माणूस वीटकरी म्हणून येतो. त्याने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवला, तो सपाट करून कपाळावर ठेवला, त्याच्याभोवती रेघ मारली आणि तेवढी कातडी सोडवून, एक बंध दोन्ही भुवयांच्या मध्ये जोडलेला ठेवून, खाली वळवली. हे वाचूनच लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये पहिल्यांदा असं नाक केलं. मेणाचा तो साचा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. पुण्याच्या त्या कारागिराला कपाळाची कातडी, तिचा रक्तपुरवठा, तो बंध का तोडायचा नाही, हे सगळं ठाऊक होतं. तो हाडापर्यंत गेला आणि तिथे थांबला. हाडाच्या आत जायचं कारण त्याला नव्हतं.

ते कारण युरोपात पुवाने दिलं. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात कपाळाच्या सायनसमध्ये पू कोंडला की कधी तो पुढची भिंत खाऊन कपाळावर मऊ गळू आणी. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी अठराव्या शतकातच त्याचं वर्णन केलं होतं, आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. कधी तो पू मागे जाई आणि माणूस मेंदूच्या गळवाने किंवा मेंदूज्वराने दगावे. १८८४ मध्ये स्कॉटलंडच्या अॅबर्डीनमध्ये अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी पुढच्या भिंतीला भोक पाडून सायनस धुतला आणि नाकाकडे वाट मोठी केली. हे तेच ऑग्स्टन, ज्यांनी तीन-चार वर्षं आधी पुवातले स्टॅफिलोकॉकस जंतू ओळखले होते. पू म्हणजे काय हे ज्याला समजलं त्यालाच तो बाहेर काढायची घाई झाली, हे स्वाभाविक होतं. पॅरिसच्या ल्यूक यांनी १८९६ मध्ये असंच ऑपरेशन मांडलं. पण कोरून मोठी केलेली वाट काही महिन्यांत व्रण भरून बुजायची आणि पू पुन्हा साचायचा.

मग सर्जन चिडले, असं म्हणावंसं वाटतं. खोली साफ होत नाही ना, मग खोलीच नको. कुन्ट यांनी १८९५ मध्ये पुढची भिंत काढली. रीडेल यांनी १८९८ मध्ये पुढची भिंतही काढली आणि जमीनही, आतलं अस्तर खरवडलं आणि कपाळाची कातडी थेट मागच्या भिंतीवर टेकवली. पोकळीच उरली नाही, मग आजार कुठे राहणार? रुग्ण वाचत होते, पण भुवईच्या वर खड्डा घेऊन जगत होते. १९०४ च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे गुस्ताव किलियन यांनी भुवईच्या कडेचा हाडाचा एक पूल शिल्लक ठेवला, वरून आणि खालून हाड काढलं. चेहरा थोडा सावरला, पण तो पूलच मरून सडण्याची नवी तक्रार आली. माझ्या वाचण्यात आलेल्या सगळ्या टप्प्यांत मला हा सर्वांत करुण वाटतो. माणूस दयेपोटी काही तरी राखतो, आणि राखलेलं तेच कुजतं.

ही सगळी ऑपरेशनं ईथर किंवा क्लोरोफॉर्मवर होत होती, आणि क्लोरोफॉर्म आला की आपलं हैदराबाद येतं. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. अफझलगंजच्या दवाखान्यात एडवर्ड लॉरी हे सर्जन होते. क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, हा त्या काळचा मोठा वाद. निजाम सरकारच्या पैशावर १८८८ आणि १८८९ मध्ये दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसली, दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रन्टन आले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. त्या कामात रुपाबाई फर्दुनजी नावाची पारशी विद्यार्थिनीही होती, जी पुढे भूल देणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक गणली गेली. निष्कर्ष निघाला: श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची चिंता नको. अर्धा निष्कर्ष उत्तम होता. उरलेला अर्धा चुकीचा निघाला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवलं की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदय अचानक फडफडून बंद पडू शकतं. एवढा खर्च, एवढी नामांकित माणसं, आणि तरीही. ऑपरेशनची सुरक्षितता मोठ्या नावाने ठरत नाही, हे हैदराबादने स्वतःच्या खर्चाने जगाला दाखवलं, असं मी वर्गात गमतीने सांगतो.

तिकडे काहींनी नाकातूनच वर जायचा प्रयत्न केला. आरसा आणि डोक्यावरचा दिवा, रक्ताने भरलेलं अरुंद नाक, आणि हाताच्या अंदाजाने चालणारं हत्यार. बोस्टनचे हॅरिस मोशर या भागाच्या शरीररचनेचे मोठे जाणकार. नाकातून केलेलं हे काम रुग्ण मारण्याच्या सोप्या वाटांपैकी एक ठरतं, अशा आशयाचा इशारा त्यांच्याच नावावर आहे. ज्याने ती जागा सर्वांत जास्त पाहिली त्यालाच तिची सर्वांत जास्त धास्ती होती. बोस्टनच्याच लोथ्रॉप यांनी १९१४ मध्ये वेगळा विचार मांडला: दोन्ही खोल्यांमधला पडदा काढा, नाकाच्या पडद्याचा वरचा भाग काढा, आणि दोन्हींसाठी एकच मोठं दार करा. विचार उत्तम होता, पण त्यांना तो बाहेरून, डोळ्याच्या बाजूचं हाड काढून करावा लागला. हाड गेलं की डोळ्याभोवतीची चरबी आत कलंडायची आणि नवं दार बुजवायची. १९२१ मध्ये अमेरिकेत लिंच आणि इंग्लंडमध्ये हॉवर्थ यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून जे ऑपरेशन रूढ केलं, त्याचंही दुखणं हेच. तरी ते कित्येक वर्षं चाललं, कारण दुसरा पर्याय नव्हता.

आणि आता मेणाचा साचा परत येतो. १९५० च्या दशकात बोस्टनमध्ये गुडेल आणि मॉन्टगोमेरी यांनी पुढच्या भिंतीचं हाड झाकणासारखं उघडायची जुनी कल्पना नव्याने बसवली. पण झाकण कापताना आरी पोकळीच्या बाहेर पडली तर ती थेट मेंदूच्या आवरणावर जाणार. म्हणून रुग्णाचा कपाळाचा एक्स-रे सहा फुटांवरून काढायचे, म्हणजे आकार फारसा फुगत नाही. त्या फिल्ममधून सायनसच्या आकाराचा तुकडा कापायचे, निर्जंतुक करायचे, तो कपाळाच्या हाडावर ठेवून भोवती रेघ मारायचे आणि त्या रेघेच्या किंचित आत कापायचे. पुण्याजवळच्या त्या माणसाने मेणाने जे केलं, ते दीडशे वर्षांनी बोस्टनने फिल्मने केलं. फरक इतकाच की पुण्याचा साचा बाहेरच्या नाकाचा होता आणि हा साचा आतल्या, न दिसणाऱ्या पोकळीचा. मग आतलं सगळं अस्तर काढून पोटावरची चरबी त्यात भरायची आणि झाकण बंद. चेहरा शाबूत राहिला. पण अस्तराचा कण जरी मागे राहिला, तरी वर्षानुवर्षांनी तिथे स्रावाची गाठ फुगून भिंतींना रेटू लागे.

या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: अस्तर हा शत्रू आहे, ते खरवडलं पाहिजे. हे उलटं आहे हे ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवलं. नाकाच्या आणि सायनसच्या अस्तरावर डोळ्याला न दिसणारे केस असतात, ते स्रावाला सतत एका ठरलेल्या दिशेने ढकलत असतात. कपाळाच्या सायनसमध्ये स्राव मधल्या पडद्यावरून वर चढतो, छतावरून बाहेरच्या कोपऱ्याकडे जातो आणि जमिनीवरून परत दाराशी येतो. म्हणजे वर चढून, वळसा घालून येतो. त्याला उतार लागत नाही. दुसरीकडे कितीही मोठं भोक पाडा, तो आपल्या जुन्या दारालाच जातो. जायकवाडीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल: पाटाला भलतीकडे फोडलं म्हणून पाळी तिकडून येत नाही, तुंबलेली चारी मोकळी करावी लागते. कपाळाचं दुखणं कपाळात नसून बहुतेक वेळा खाली नाकातल्या त्या अरुंद वाटेत असतं, हा मेसरक्लिंगर यांचा सांगावा होता. दाराशी अस्तर गोल खरवडलं तर व्रणाने वाट कायमची बुजते, हेही त्यातूनच कळलं. ऑग्स्टनच्या काळापासूनच्या अपयशाचं हे उत्तर होतं.

हे दिसायला दोन शोध लागले. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांच्या भिंगांनी एंडोस्कोप उजळ झाला, आणि १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं. मेसरक्लिंगर यांचं पुस्तक १९७८ चं, १९८५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड केनेडी यांनी हे तंत्र रुजवलं, १९९१ मध्ये जर्मनीच्या वोल्फगांग ड्राफ यांनी कपाळाच्या दाराची ऑपरेशनं लहान ते मोठी अशा पायऱ्यांत मांडली. सर्वांत मोठी पायरी म्हणजे लोथ्रॉप यांचीच कल्पना, पण नाकातून, डोळ्याचं हाड न काढता. आज चांगला सर्जन हत्यार उचलण्याआधी सीटी तीन बाजूंनी वाचतो: चाळण किती खोल, ती धमनी हाडाला चिकटून आहे की मोकळी लोंबते आहे, डोळ्याकडचा कागद आधीच फाटलेला तर नाही. ऑपरेशनभर रुग्णाचे डोळे कापडाने झाकत नाहीत, म्हणजे डोळा फुगला किंवा हलला तर लगेच दिसतो. मोठा अपघात आता शंभरात एखादा किंवा त्याहून कमी.

आणि मग २०२१ आलं, आणि ही सगळी शिकवण उलटी फिरली.

म्युकरची बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्या बंद करते. ज्या भागाचं रक्त बंद झालं तो भाग मरतो, काळा पडतो, आणि मेलेल्या भागात शिरेतून दिलेलं औषधही पोचत नाही. म्हणून तो काढावाच लागतो, ताजं रक्त दिसेपर्यंत. अस्तर जपा, हाड जपा, हे ज्यांनी वीस-वीस वर्षं शिकलं आणि शिकवलं, त्याच सर्जननी त्या उन्हाळ्यात टाळू, जबडा आणि काही दुर्दैवी माणसांचे डोळे काढले. एकामागून एक. बहुतेकांची बुरशी गाल आणि डोळ्यांमधल्या सायनसमध्ये होती, पण काहींच्या बाबतीत ती त्या अरुंद वाटेने वर कपाळात चढली, आणि काहींच्या कपाळाचं हाडच काही महिन्यांनी सडू लागलं. तिथे दुर्बीण पोचत नाही. बाहेरून कपाळ उघडून मेलेलं हाड काढावं लागलं. म्हणजे रीडेल यांचं १८९८ चं ऑपरेशन, जे पाठ्यपुस्तकात शेवटच्या परिच्छेदात उरलं होतं, ते मराठवाड्यातल्या माणसांच्या कपाळावर परत आलं. जुनं तंत्र टाकून द्यायचं नसतं असं नाही, पण ते ज्याला येतं असा एखादा माणूस प्रत्येक पिढीत हवा.

त्या जून महिन्यात आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा वडिलांची फाईल घेऊन आला. दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं झोप न घेता काम करत होती. संमतीपत्र इंग्रजीत होतं, पाच पानं. सी.एस.एफ. लीक, ऑर्बिटल हिमॅटोमा, लॉस ऑफ व्हिजन. मुलाने सही करून टाकली होती आणि आता विचारत होता, सर, यात काय लिहिलंय? मी सांगितलं, नाकाच्या छताचं हाड कागदासारखं असतं, ते फुटलं तर भेज्याभोवतीचं पाणी नाकातून गळतं, बहुतेक वेळा दुरुस्त करता येतं. डोळ्याच्या आत रक्त साचू शकतं, म्हणून रात्री डोळ्यावर नजर ठेव. एवढं दखनीत सांगायला दहा मिनिटं लागली. तो शांत झाला. घाबरायचं कमी झालं असं नाही, पण कशाला घाबरायचं ते त्याला कळलं.

हे मला जास्त लागण्याचं कारण आमचाच इतिहास आहे. १८४६ मध्ये हैदराबादला जी वैद्यकीय शाळा निघाली ती उर्दूत शिकवत होती. शरीररचनेला तिथे तशरीह म्हणत, म्हणजे मूळ अर्थाने उकलून सांगणं. १८८० च्या दशकात, याच लॉरी साहेबांच्या कारकिर्दीत, माध्यम इंग्रजी झालं. पुढे १९१७ मध्ये उस्मानियाचं भाषांतर खातं निघालं, वैद्यकाची पुस्तकं पुन्हा उर्दूत आली, आणि १९४८ नंतर पुन्हा गेली. त्या पुस्तकांवर शिकून डॉक्टर झाले आणि त्यांनी रुग्ण बरे केले. मी इंग्रजी हटवा म्हणत नाही. सर्जन ज्या लेखांवरून शिकतो ते इंग्रजीत आहेत, ते त्याने वाचलेच पाहिजेत. पण संमतीपत्र सर्जनसाठी नसतं. परभणीला २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. संमतीपत्राचं मराठी आणि उर्दू भाषांतर करायला आमच्या जिल्ह्यात शिक्षकांची कमतरता नाही, आणि आम्ही पैसे मागणार नाही.

तोवर, फाईल घेऊन येणाऱ्यांना मी काही गोष्टी चिठ्ठीवर लिहून देतो. सीटी फक्त फाईलमध्ये नको, डॉक्टरांना तो पडद्यावर दाखवून समजावायला सांगा. साखर किती आहे ते विचारा. रक्त पातळ करणारी गोळी, अॅस्पिरिन, हकिमाचं किंवा वैद्याचं काही चालू असेल तर ते लपवू नका. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. पूर्वी सायनसचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा, कारण जुन्या खुणा पुसलेल्या असतात आणि दुसऱ्यांदा वाट चुकते. घरी आल्यावर वाकलं की एका नाकपुडीतून पाण्यासारखं, खारट, थेंब-थेंब गळत असेल तर सर्दी समजून पुसत बसू नका. डोळा ताणल्यासारखा सुजला, दिसणं अंधूक झालं, एकाची दोन दिसू लागली, किंवा ताप येऊन मान ताठली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखान्यात जायचं, फजरची वाट पाहायची नाही.